भिंतीवरचं यंत्र आणि कुलपाची किल्ली

अमेरिकेत सहावीतल्या पंधरा मुलांवर एक चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीवर माणसाचा पुतळा, शेजारी एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं छोटं यंत्र. मुलांनी ते पूर्वी कधी हातात घेतलेलं नव्हतं. याच कामात मुरलेले रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी तुलनेला होते. झटका देईपर्यंत कर्मचाऱ्यांना सरासरी ६७ सेकंद लागले आणि मुलांना ९०. फरक फक्त २३ सेकंदांचा! छातीवर चिकटवायचे यंत्राचे पॅडही सगळ्या मुलांनी योग्य जागी लावले.

आपल्या इमारतीत, शाळेत किंवा मैदानावर एईडी बसवावं असा विषय कुणी काढला, की पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘पण ते वापरणार कोण? आपल्याला थोडंच येतंय?’ या आक्षेपावर सभेत अर्धा तास जातो. खरं घोडं अडतं ते दुसरीकडेच. यंत्र वापरायला सोपं आहे, अवघड आहे ते वेळेत हाताशी येणं. त्यामुळे यंत्र विकत घेतलं की काम संपलं असं मानणाऱ्या मोहिमा बहुधा फुकट जातात. कसं ते सांगतो, पण आधी हे यंत्र नेमकं करतं काय ते पाहू. सभेत प्रश्न येणार आहेत आणि उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत.

झटक्यानं हृदय सुरू होत नाही, थांबतं

हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, छातीत दुखतं, पण बहुतेक वेळा तो शुद्धीवर असतो, बोलतो. ही झाली नळाची तक्रार. कार्डिअ‍ॅक अरेस्ट ही विजेची तक्रार आहे. हृदयाचं रक्त पंप करणंच थांबतं, माणूस कोसळतो आणि काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरं उद्भवू शकतं, पण दोन्ही एक नव्हेत. एईडी दुसऱ्यासाठी आहे.

प्रत्येक ठोक्यामागे हृदयात विजेची एक शिस्तबद्ध लहर फिरते. अचानक कोसळणाऱ्या अनेकांमध्ये ही शिस्त मोडते. हृदयाचे खालचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरत राहतात. डॉक्टर याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. वर्गातली सगळी मुलं एकदम ओरडत असावीत तशी ही अवस्था: आवाज पुष्कळ, पण कविता कुणीच म्हणत नाही. अशा वेळी एईडीचा झटका हा टेबलावर मारलेल्या पट्टीसारखा असतो. क्षणभर सगळं गप्प होतं आणि त्या शांततेत हृदयाचा स्वतःचा नैसर्गिक ताल पुन्हा पुढे येण्याची संधी मिळते.

पडद्यावर सरळ रेषा दिसते, डॉक्टर झटका देतात आणि माणूस उठून बसतो, हे दृश्य सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. ते चूक आहे. हृदयातली वीज पूर्ण थंडावली असेल, तर झटका देऊन उपयोग नसतो आणि एईडी तो देतही नाही. छातीवर चिकटवलेल्या पॅडमधून यंत्र आधी हृदयाचा आलेख वाचतं. झटक्यानं सुधारणारा बिघाड दिसला तरच ते झटक्यासाठी तयार होतं. म्हणून ‘चुकून चांगल्या माणसाला झटका बसला तर?’ ही भीती बाळगायचं कारण नाही. नुसत्या चक्कर आलेल्या माणसाला पॅड लावले तर यंत्र सांगेल, ‘झटक्याची गरज नाही.’

घाई करायची ती एवढ्यासाठी, की थरथरणारं हृदय फार वेळ थरथरत राहत नाही. काही मिनिटांत तेही थंडावतं. काहीच मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. कुणी छाती दाबत राहिलं तर ही घसरण बरीच मंदावते, कारण तेवढं रक्त मेंदूपर्यंत आणि हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोचत राहतं. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तिला काही मिनिटं लागतातच आणि सगळा हिशेब त्याच मिनिटांत होऊन जातो.

कॅसिनो, विमानतळ आणि कोपनहेगनची रात्र

हे यंत्र लोकांच्या हाती यायला अर्धं शतक लागलं. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लॉड बेक या शल्यविशारदानं शस्त्रक्रियेदरम्यान एका चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला झटका देऊन त्याला वाचवलं. १९६५ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी डिफिब्रिलेटर, म्हणजे झटका देणारं यंत्र, रुग्णवाहिकेत नेला. तो गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा आणि वजन होतं सुमारे ७० किलो. आजचं एईडी शाळेच्या दप्तरापेक्षाही हलकं असतं आणि स्वतःच बोलून सूचना देतं.

सामान्य माणसाच्या हातात ते दिलं तर काय होतं, याचं एक उत्तर चक्क जुगाराच्या अड्ड्यांवरून आलं. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधल्या सुरक्षारक्षकांना एईडी शिकवलं गेलं. कॅसिनोत सगळीकडे कॅमेरे, त्यामुळे माणूस नेमका कधी कोसळला ते सेकंदासकट कळतं. अभ्यासाला याहून सोयीची जागा कुठली! २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फिब्रिलेशनचे १०५ रुग्ण होते. ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचले. तीन मिनिटांनंतर मिळालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी वाचणाऱ्यांचं प्रमाण जगात बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, हे लक्षात घेतलं की ७४ या आकड्याचं मोल कळतं. अर्थात या रक्षकांपाशी यंत्र होतं, प्रशिक्षण होतं आणि कोसळणारा माणूस बहुधा कुणाच्या तरी नजरेसमोर होता. असा योग सगळीकडे जुळत नाही.

शिकागोच्या विमानतळांवर याहून पुढची गोष्ट घडली. तिथे एईडी भरभर चालत मिनिट-दीड मिनिटात गाठता येईल अशा बेतानं लावले गेले होते. दोन वर्षांत २१ जणांचं हृदय बंद पडलं. त्यांतले १८ जण फिब्रिलेशनमध्ये होते आणि त्या १८ पैकी ११ जणांना परत आणता आलं. या ११ पैकी सहा जणांना मदत करणाऱ्यांनी एईडीचं कोणतंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. (त्यांतले तिघे वैद्यकीय पदवीधर होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) बाकीचे सरळ भिंतीकडे धावले आणि यंत्र म्हणेल तसं करत गेले.

उत्तर अमेरिकेतल्या २४ भागांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. काही ठिकाणच्या स्वयंसेवकांना फक्त सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवलं, काही ठिकाणी सीपीआरसोबत एईडीही दिलं. फक्त सीपीआरच्या गटात १०७ घटनांपैकी १५ जण वाचले. एईडीच्या गटात १२८ पैकी ३०. सभेत एकच आकडा सांगायची मुभा असेल तर मी हा सांगेन. कॅसिनोचा आकडा डोळे दिपवतो, पण परिस्थिती खास होती. हा आकडा साध्या जागांचा आहे.

आणि आता कोपनहेगन. हे नाव ऐकताच अनेकांना १२ जून २०२१ ची संध्याकाळ आठवेल. युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, छातीदाब आणि झटका मिळाला, तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. पण मला याच शहरातला दुसरा, कमी झळकलेला एक अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. संशोधकांनी तिथल्या नोंदणीकृत ५५२ एईडींची माहिती काढली. चोवीस तास हाती लागतील अशी यंत्रं किती निघाली? जेमतेम ९ टक्के. बाकीची कार्यालयांत, शाळांत, क्रीडागृहांत संध्याकाळनंतर कुलपाआड. याउलट सार्वजनिक जागी हृदय बंद पडण्याच्या घटनांपैकी जवळजवळ ६२ टक्के घडल्या होत्या संध्याकाळी, रात्री किंवा आठवडी सुट्टीत. नकाशावर यंत्र जवळ दिसत असूनही, या आडवेळेच्या घटनांमध्ये अर्ध्याहून जास्त वेळा ते कुलपामुळे दूरच होतं.

कागदावर सगळं होतं. देणगी होती, यंत्र होतं, फलक होता. किल्ली मात्र घरी गेलेल्या माणसाच्या खिशात!

मग मागायचं काय?

‘एक एईडी घ्या’ ही मागणी अपुरी आहे. मागणी अशी असावी: ‘या आवारात कुठेही, कोणत्याही वेळी माणूस कोसळला तर तीन ते पाच मिनिटांत त्याच्या छातीवर पॅड लागले पाहिजेत.’ असं म्हटलं की जागा, कुलूप, देखभाल, प्रशिक्षण हे सगळे प्रश्न आपोआप टेबलावर येतात.

जागा ठरवायला बैठकीत नकाशा पसरू नका, चालून बघा. हातात घड्याळ घ्या, आवारातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून प्रस्तावित जागेपर्यंत भरभर जा आणि परत या. धावणाऱ्याला दोन खेपा पडतात, जायची आणि यायची. लोक निम्माच हिशेब करतात. भरभर चालत एका बाजूला दीड मिनिट, ही मर्यादा अनेक तज्ज्ञ वापरतात. उंच इमारतींत तर लिफ्टची वाटही मोजावी लागते. कॅनडातल्या टोरांटो परिसरातल्या एका अभ्यासात तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर तर एक टक्काही नाही. कारण उघड आहे: रुग्णवाहिका दारात वेळेवर येते, पण दारापासून पलंगापर्यंतचा प्रवास कुणी मोजतच नाही. म्हणून अशा इमारतीत यंत्र तळमजल्यावर लिफ्टशेजारी ठेवावं आणि रुग्णवाहिकेसाठी लिफ्ट अडवून धरणारा एक माणूस आधीच ठरलेला असावा. हा दुसरा भाग फुकट आहे, तरी तो कुणी ठरवत नाही.

कुलपाचा वाद हमखास होतो. ‘चोरीला गेलं तर?’ जिथे ही यंत्रं वर्षानुवर्षं उघड्यावर आहेत, तिथला अनुभव असा की चोरी क्वचित होते. दार उघडताच मोठ्यानं भोंगा वाजणारी पेटी, कॅमेऱ्याच्या टप्प्यातली जागा, एवढ्यावर बरंचसं काम भागतं. आणि अग्निशामक नळकांडी आपण कुलपात ठेवतो का, हा प्रश्न नम्रपणे विचारला की समोरचा माणूस सहसा थोडा थबकतो.

उन्हाचं मात्र ध्यानात ठेवा. बहुतेक यंत्रं साधारण ० ते ५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ठेवायची असतात. थेट उन्हात तापणाऱ्या धातूच्या पेटीत पॅडवरचा ओलसर थर लवकर सुकतो. पेटी सावलीत हवी. वर हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरं हृदय आणि त्यात विजेची खूण असं चिन्ह लावा. २००८ पासून ते जगभर ओळखलं जातं.

देखभालीचा मुद्दा कंटाळवाणा आहे आणि मोहिमा बहुतेक इथेच मरतात. उद्घाटनाचा फोटो निघतो, हार घातले जातात आणि तीन वर्षांनी गरज पडते तेव्हा बॅटरी संपलेली असते. यंत्र स्वतःची तपासणी स्वतःच करतं, ठीक असेल तर छोटी हिरवी खूण दाखवतं. पण ती खूण बघणारा माणूस लागतो. पॅड ठरावीक मुदतीनंतर बदलावे लागतात, बॅटरीही. म्हणून ठरावात ‘समिती’ असं लिहू नका, एका माणसाचं नाव लिहा, आणि तो बाहेरगावी गेला तर दुसऱ्याचं. समितीची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हे सांगायला अभ्यास लागत नाही. खर्चाचा अंदाज मांडताना पॅड आणि बॅटरीचा पुढच्या काही वर्षांचा खर्च पहिल्याच दिवशी जोडा. नंतर मागायला गेलात तर उत्साह ओसरलेला असतो.

तुमच्या भागात आपत्कालीन सेवेकडे किंवा एखाद्या ॲपवर एईडींची नोंद होत असेल तर तिथे लगेच नोंदवा. फोनवरचा माणूस मग घाबरलेल्या शेजाऱ्याला सांगू शकतो, ‘यंत्र कुठे आहे ते सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी तिकडे पाठवा.’ नोंदच नसलेलं यंत्र फक्त तुम्हालाच माहीत असतं, आणि तुम्ही तेव्हा घरी नसता.

‘वापरताना काही बिनसलं तर कायद्याच्या कचाट्यात सापडू’ ही भीतीही येईल. प्रामाणिक हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे अनेक देशांत आहेत, पण त्यांची व्याप्ती सारखी नाही. काही कायदे केवळ ठरावीक प्रसंगांपुरते असतात. तुमच्याकडे काय लागू होतं ते वकिलाला विचारून एका परिच्छेदात लिहून सभेत वाचून दाखवा. हवेत बोलण्यापेक्षा ते बरं. एक साधी गोष्ट मात्र सगळ्यांना पटते: ज्याचं हृदय थांबलंय त्याचं यापेक्षा वाईट आपल्या हातून काही होऊ शकत नाही.

आणि एक कबुली देऊनच टाका, विरोधक बोलून दाखवायच्या आधी. हृदय बंद पडण्याच्या बहुसंख्य घटना घरांत घडतात, मैदानावर किंवा बाजारात नाही. घरोघरी एईडी ठेवून बघण्याचाही प्रयोग झाला. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७००० रुग्णांवरच्या त्या चाचणीत, घरी यंत्र असल्यानं मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, यंत्राची जागा राहत्या वस्तीच्या मधोमध हवी, फक्त दर्शनी प्रवेशद्वारापाशी नको. दुसरी, छाती दाबता येणारी माणसं यंत्रांपेक्षा पुष्कळ जास्त हवीत. यंत्र एकच असणार आहे, ते येईपर्यंत हात तरी हजर असावेत.

शिकवायचं ते एवढंच

माणूस हाका मारून उठत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते. एक गोष्ट आवर्जून शिकवा: हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं माणूस मधूनच मोठा आचका देतो, घोरल्यासारखा आवाज करतो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, आणि तिथे वेळ जातो. तो श्वास नव्हे. सुरुवातीला झटके आल्यासारखे हातपाय हलतात आणि लोक फिट आली समजतात, तेही तसंच.

एकानं आपत्कालीन नंबर फिरवावा, एकानं एईडीकडे पळावं, एकानं दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, मोठ्या माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे दिसायला क्रूर दिसतं. बरगडी मोडल्याचा आवाजही येऊ शकतो. थांबायचं नाही. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना तोंडानं श्वास देणंही महत्त्वाचं असतं, म्हणून ते प्रशिक्षणात वेगळं शिकावं.

यंत्र आलं की सगळ्यात आधी ते सुरू करा. मग ते सांगत राहील. छाती उघडी करा, ओली असेल तर पुसा, दाट केस असतील तर पेटीतल्या वस्तऱ्यानं पॅडपुरते काढा. एक पॅड उजव्या खांद्याखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. चित्र पॅडवरच असतं. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्या बाजूला. आठ वर्षांखालच्या मुलासाठी लहान पॅड किंवा यंत्रावरची मुलांची सोय वापरावी, ती नसेल तर मोठ्यांचेच पॅड एक पुढे, एक पाठीवर. स्त्रियांच्या बाबतीत लोक अंतर्वस्त्रं बाजूला करायला कचरतात आणि स्त्रियांना सार्वजनिक ठिकाणी मदत कमी मिळते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. प्रशिक्षणातच हा विषय मोकळेपणानं काढावा आणि भोवती चादरीचा आडोसा धरणारा एक जण ठरवावा. यंत्र ‘दूर व्हा’ म्हणेल तेव्हा सगळ्यांनी हात काढायचे. झटका दिल्यावर लगेच पुन्हा दाबायला सुरुवात करायची. ‘उठला का’ हे बघत बसायचं नाही. दोन मिनिटांनी यंत्र स्वतःच पुन्हा तपासेल.

प्रशिक्षणाच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटण्यापेक्षा एक रंगीत तालीम करा. रात्री उशिरा, न सांगता. पुतळा नसला तर उशी चालेल. कुणालाही न कळवता एक जण ओरडेल आणि दुसरा घड्याळ लावेल. पहिल्या वेळी बहुधा पेटी कुठल्या बाजूला आहे यावरच दोघांचं एकमत होणार नाही. तो वेळ लिहून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. सभेत पैसे मागायला जाताना या दोन आकड्यांपेक्षा वजनदार कागद दुसरा नसतो.

आणि यंत्र खरोखर वापरलं गेलं, तर त्याच दिवशी नवे पॅड मागवा, तोवर पेटीवर तसं लिहून चिठ्ठी लावा. यंत्रात आलेख साठलेला असतो, तो डॉक्टरांना द्या. ज्यानं छाती दाबली त्याला दोन दिवसांनी फोन करा, रुग्ण वाचला असो वा नसो. अशी माणसं रात्र रात्र झोपत नाहीत, ‘मी नीट दाबलं होतं ना?’ एवढंच विचारत राहतात.